गेम बंद करण्याआधी कपाटावरची बंदूक उतरवा

«आमचा मुलगा नववीत आहे. रोज तीन-चार तास बीजीएमआय (पबजीसारखा गोळीबाराचा मोबाइल गेम) खेळतो. परवा मॅच चालू असताना मी फोन काढून घेतला, तर अंगावर ओरडला आणि टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला. त्याच आठवड्यात शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, की अमेरिकेत मुलं असले गेम खेळून शाळेत गोळ्या झाडतात आणि आता आपल्याकडेही हे सुरू होणार. याचे पप्पा म्हणतात, फोनच फोडून टाकतो. सासूबाई म्हणतात, पोरगं हाताबाहेर चाललं. खरंच गेममुळे मुलं बंदूक हातात घेतात का?
– एक आई, जुळे सोलापूर
ता. क. सासरे फौजेतून निवृत्त झाले, नंतर बँकेत गार्ड होते. त्यांची परवान्याची दुनळी बंदूक अजून घरात आहे, कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेली. म्हणून जास्तच भीती वाटते.»

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ता. क. मध्ये आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

मारधाडीचे गेम खेळल्यामुळे मुलं गोळ्या झाडायला लागतात, असं संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. चिडणं, ओरडणं, ढकलाढकली यांच्याशी थोडासा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत तोही दिसत नाही. ओरडणं आणि गोळी झाडणं या दोन गोष्टी एका माळेत ओवल्या की तुमच्या ग्रुपवरचा मेसेज तयार होतो.

हा वाद अमेरिकेत पेटला तो एप्रिल १९९९ मध्ये, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर. मारेकरी दोन विद्यार्थी होते आणि ते ‘डूम’ नावाचा गोळीबाराचा गेम खेळायचे. तेव्हापासून शाळेत गोळीबार झाला की पहिलं बोट गेमकडे जातं. कॅलिफोर्नियाने अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकायला बंदी करणारा कायदा केला होता. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. गेममुळे मुलं आक्रमक वागतात हे सादर केलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असं निकालात म्हटलं होतं.

‘अभ्यासात राग वाढलेला दिसला’ असं वाचलंत तर राग मोजला कसा, हे आधी पाहा. प्रयोगशाळेत कॉलेजच्या मुलांना थोडा वेळ गेम खेळायला देतात. मग सांगतात, की पलीकडच्या खोलीत तुझा प्रतिस्पर्धी आहे. बटण दाबण्यात तो मागे पडला की त्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा, किती मोठा आणि किती वेळ ते तू ठरव. प्रतिस्पर्धी मुळात नसतोच. जितका मोठा आवाज, तितकी आक्रमकता जास्त. आणखी एका पद्धतीत तिखट न सोसणाऱ्या माणसासाठी तिखट सॉस किती ओतला ते मोजतात. (शेंगाचटणीवर वाढलेल्या गावात हा प्रयोग केला तर निकाल काय लागेल ते विचारू नका.) यातून क्षणभराचा खोडसाळपणा कदाचित कळेल. त्यावरून घरातली बंदूक कोण उचलेल हे सांगायचं, म्हणजे फारच मोठी उडी झाली.

याहून वजनदार अभ्यास मुलांकडे महिनोन्‌महिने पाहतात. २०१८ मध्ये अशा २४ अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. ९ ते १९ वयाची १७ हजारांहून जास्त मुलं त्यात होती. हिंसक गेम खेळणाऱ्यांमध्ये पुढे मारामारीचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं. किंचित म्हणजे खरोखरच किंचित. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांची १,००४ ब्रिटिश मुलं घेतली. तुमच्या मुलाचंच वय. गेम किती हिंसक हे त्यांनी मुलांना न विचारता गेमच्या अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं, वागणुकीबद्दल पालकांना विचारलं आणि आकडेमोड कशी करायची ते आधीच लिहून जाहीर केलं, म्हणजे मागाहून सोयीचा निष्कर्ष काढायची वाट बंद. संबंध सापडला नाही. जर्मनीत प्रौढांच्या एका गटाला दोन महिने रोज ‘जीटीए ५’ हा मारधाडीचा गेम खेळायला दिला, दुसऱ्याला घर-संसाराचा गेम, तिसऱ्याला काहीच नाही. आक्रमकतेत फरक पडला नाही.

थोडक्यात, तज्ज्ञांचा वाद ‘थोडा परिणाम’ की ‘शून्य परिणाम’ एवढाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध मान्य केला होता. गुन्हेगारी हिंसेबद्दल मात्र पुरावा अपुरा आहे, असं तेव्हाच म्हटलं होतं. मग लोक त्या ठरावातलं पहिलं वाक्य तेवढं उचलायला लागले. २०२० मध्ये संघटनेने सुधारून सांगितलं, की गोळीबारासारख्या घटनांचं खापर गेमवर फोडणं शास्त्राला धरून नाही आणि त्यामुळे खऱ्या कारणांवरचं लक्ष उडतं.

‘गेममुळे नेम तयार होतो’ हेही ऐकाल. २०१२ मध्ये तसा एक शोधनिबंध गाजला होता: नेमबाजीचा गेम खेळलेल्यांनी पुतळ्याच्या डोक्यावर जास्त गोळ्या मारल्या म्हणे. आकडेवारीत विसंगती सापडल्यावर जानेवारी २०१७ मध्ये तो मागे घेतला गेला. निबंध गेला, वाक्य अजून फिरतंय.

आता अमेरिकेचा मुद्दा. तिथे फरक कशाचा आहे? गेम जपानमध्येही जोरात खेळतात, दक्षिण कोरियातही. पण ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या बंदुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१७ साठी काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत दर १०० माणसांमागे नागरिकांकडे १२० बंदुका आहेत. भारतात पाचच्या आसपास. जपानमध्ये एकही पूर्ण नाही, ०.३. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. आत्महत्येचा हा भाग ग्रुपवरच्या मेसेजमध्ये कधीच नसतो. १४ वर्षांच्या मुलाच्या घरात बंदूक असेल तर आधी विचार त्याचाच करायला हवा.

तुमच्या घराला थेट लागू पडणारा अहवाल २००२ चा आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणारी यंत्रणा) तिथल्या शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधल्या ३७ शालेय हल्ल्यांची छाननी केली. हल्लेखोर ४१. हिंसक व्हिडिओ गेममध्ये रस असलेले त्यांत सुमारे १२ टक्के निघाले. आपल्याला इतरांनी छळलं, त्रास दिला असं वाटणारे ७१ टक्के. ८१ टक्के घटनांत निदान एका माणसाला तरी आधी कुणकुण होती. आणि ६८ टक्के हल्लेखोरांनी बंदूक मिळवली ती स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून.

आपल्याकडचं उदाहरण लखनौचं. जून २०२२ मध्ये १६ वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातल्याची बातमी देशभर गाजली. पोलिसांनी सुरुवातीला पबजी खेळू न दिल्याचा राग हे कारण सांगितलं आणि मथळे सगळे गेमचे झाले. शस्त्र वडिलांचं होतं, परवान्याचं पिस्तूल, घरात ठेवलेलं.

तेव्हा ताई, आज रात्री फोनवरून भांडू नका. आज रात्रीचं काम कपाटावरचं आहे.

हे काम तुम्ही स्वतः करायचं नाही. परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे; बंदुकीला हात लावायचा तो त्यांनीच. विषय तुमच्या मिस्टरांनी काढावा, सुनेने नव्हे. सून बोलली की त्याचा ‘माझ्यावर विश्वास नाही का’ होतो. फौजी माणसाला ‘नातू बिघडलाय’ म्हणून सांगू नये. त्याला एवढंच विचारावं, ‘बाबा, पलटणीत हत्यार कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा करायचात ना? मग दारूगोळा त्याच खोलीत असायचा का?’ उत्तर ते स्वतःच देतील, आणि पुढचंही बहुधा स्वतःच करतील.

पुढचं म्हणजे असं. घरात मुलं नसताना, नळी कोणाच्याही दिशेने नसताना, त्यांनी खटका सरकवून दुनळी मोडून उघडावी. काडतुसाची दोन्ही घरं रिकामी आहेत ना, हे बोटाने आणि डोळ्याने दोन्ही प्रकारे पाहावं. उजेडाकडे धरल्यावर दोन्ही नळ्यांतून आरपार दिसलं पाहिजे. ‘ती रिकामीच आहे’ हे वाक्य तपासल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. बंदुकीच्या घरगुती अपघातांत हेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं.

बारा बोअरच्या दुनळीचे तीन भाग सुटे होतात: नळ्या, नळ्यांखालची लाकडी पकड आणि चापासकट दस्ता. तिन्ही वेगळे करून ठेवले की बंदूक म्हणून तिचा उपयोग संपतो. नळ्या साधारण २८ ते ३० इंच लांब असतात, त्यामुळे लोखंडी कपाटातल्या छोट्या लॉकरमध्ये मावत नाहीत. कुलूप लागणारा उभा कप्पाच लागतो. पकड मात्र लॉकरमध्ये सहज बसते. ती तिथे ठेवा, नळ्या आणि दस्ता वेगवेगळ्या ठिकाणी कुलपात. सुटी करायची नसेल तर बंदूक उघडी ठेवून नळीतून सायकलच्या कुलपाची तार ओवावी. नळीचं भोक साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतं, साधी तार आरामात जाते. तार आत असेपर्यंत बंदूक मिटत नाही, म्हणजे काडतूस भरून उडवता येत नाही. चापाच्या कडीत नुसतं कुलूप अडकवून समाधान मानू नका, आत काडतूस राहिलं असेल तर तेच कुलूप चापाला लागू शकतं.

काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. बँकेची ड्युटी संपून वर्षं झाली, तर जुनी काडतुसं असणारच. ती मोजावीत आणि परवान्यावरच्या नोंदींशी ताडून पाहावीत. कचऱ्यात टाकायची नाहीत, जाळायची तर अजिबात नाहीत. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून जमा करावीत. आणि ती चादर काढाच. सुती कापड ओल धरतं, नळीला गंज चढतो. सुरक्षिततेचं पटलं नाही तरी हे कारण सासऱ्यांना नक्की पटेल.

किल्ली सासऱ्यांच्या अंगावर असावी. देवघरातल्या डबीत, कॅलेंडरच्या खिळ्याला किंवा उशीखाली नको. मुलाला ठाऊक नाही असं समजूच नका. २००६ मध्ये अमेरिकेत बंदूक असलेल्या घरांतल्या पालकांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं. ‘बंदूक कुठे असते ते मुलाला माहीत नाही’ असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के जणांची मुलं वेगळंच बोलली. तुमच्या घरी तर ती चादर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

आता ती बंदूक लागते कशाला, हेही शांतपणे विचारा. शस्त्र परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची आहे. परवाना संपला आणि नूतनीकरण झालं नाही, तर तीच बंदूक बेकायदा ठरते. नोकरी गेली, गरज संपली, तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येते किंवा परवाना असलेल्याला रीतसर विकता येते. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात शस्त्रं जमा करायची सवय सासऱ्यांना असेलच, तेव्हा ही वाट त्यांना नवी नाही. जुळे सोलापूर शहराच्या हद्दीत येतं, म्हणून परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात. गावाकडचा परवाना असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. जमा केल्याची पावती घ्यावी आणि तिच्यावरचा बंदुकीचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, ते तिथेच उभं राहून पाहावं.

आता रिमोटकडे वळू. मुलाने तो फेकला ही चूकच. त्याची भरपाई त्याच्या खाऊच्या पैशांतून झाली पाहिजे. पण फोन कोणत्या क्षणी काढून घेतला तेही पाहा. बीजीएमआयमध्ये एरांगेल नावाच्या नकाशावर १०० खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकलं तर मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. चौघांचा संघ असतो. मध्ये थांबवायची सोय नाही. एकाने सोडलं की उरलेले तिघे अडचणीत येतात आणि याची रँक घसरते. ते तिघे बहुधा त्याच्याच वर्गातले असतात, दुसऱ्या दिवशी बाकावर बसून त्याची सालपटं काढणारे. गेममधली हिंसा आणि गेममधली चुरस वेगळी करून पाहणारे प्रयोग झाले आहेत. रागाचा पारा चढवण्यात चुरशीचा हात त्यांत जास्त दिसला. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात बॅट काढून घेतली असती, तरी असंच काहीसं झालं असतं.

म्हणून मर्यादा मिनिटांत घालू नका, मॅचमध्ये घाला. शाळेच्या दिवशी दोन मोठ्या मॅच, म्हणजे साधारण तासभर. लहान नकाशावरची किंवा चार विरुद्ध चारची मॅच लवकर संपते, त्या हिशेबाने अदलाबदल त्यालाच ठरवू द्या. ‘बस झालं’ हे वाक्य मॅच संपून तो लॉबीत, म्हणजे गेमच्या मुख्य पडद्यावर, आल्यावर बोलायचं. ‘आई, एकच, शेवटची’ असं म्हणाला तर ठरलेला आकडा दाखवायचा. फोनमधला अ‍ॅप टायमर एकटा पुरत नाही, कारण तो बरोबर मॅचच्या मधोमध संपतो आणि तुम्ही पुन्हा रिमोटपाशी येता. शिवाय बऱ्याच फोनमध्ये एकाच अ‍ॅपची दुसरी प्रत काढायची सोय असते आणि तिला टायमर लागलेला नसतो. मुलांना हे आपल्या आधी कळतं.

वयाचंही तपासा. २०२३ मध्ये हा गेम बंदीनंतर परत आला, तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा ठेवली गेली. अल्पवयीन खात्याला पालकाच्या फोन नंबरवरून संमतीही लागते. मुलगा रोज तीन-चार तास खेळतोय आणि तुमच्याकडे संमती कधी मागितली गेलीच नसेल, तर त्याने वय वाढवून टाकलंय किंवा संमती कोणा दादाच्या नंबरवरून आली आहे. ओरडू नका. त्याच्याबरोबर बसून खातं नीट करून घ्या. तुमचा यूपीआय पिन त्याला ठाऊक असेल तर आजच बदला. अनोळखी लोकांबरोबर खेळताना माइक बंद, ओळखीच्यांबरोबर चालू. घरात नव्याने आलेल्या शिव्या बहुतेक तिथूनच आलेल्या असतात. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आई-बाबांचेसुद्धा. झोप अपुरी झालेला मुलगा गेम न खेळताही चिडतो.

फोन फोडायचा विचार मिस्टरांनी सोडावा. दुसऱ्या दिवशी तो मित्राच्या फोनवर खेळेल, आणि मग किती, कुठे, कोणाबरोबर यातलं काहीच तुमच्या नजरेसमोर राहणार नाही.

काळजी कधी करायची? ओरडण्यावरून नाही. अमक्याला, अमक्या ठिकाणी, अमक्या दिवशी बघून घेतो असं नेमकं बोलायला लागला तर. ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं म्हणाला तर, मग ते हसत म्हणालेलं असलं तरी. बंदुकीच्या किल्लीची चौकशी, शाळेत कोणी छळत असल्याची खूण, मुक्या जनावराला मुद्दाम दुखापत, जवळच्या मित्रांशी अचानक तोडलेलं बोलणं. आणि रील्स पाहा. हातात कोयता किंवा गावठी कट्टा घेऊन ‘भाई’ म्हणून मिरवणाऱ्यांना तो फॉलो करतो का? आमच्या मते गेममधल्या बंदुकीपेक्षा याकडे जास्त लक्ष हवं. कारण तिथला कट्टा खरा असतो, तो बाळगणारा खरा असतो आणि कधीकधी आपल्याच पेठेतला असतो. यातलं काहीही दिसलं तर बंदूक कुलपात आहे एवढ्यावर थांबू नका, ती त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे.

गेमचं व्यसन ही वेगळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावर ताबा न राहणं, जेवण-शाळा-मित्र सगळ्यांच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे त्याचे निकष आहेत. तुमच्या पत्रावरून तो तिथे पोचलेला वाटत नाही. पण शाळा बुडत असेल, जेवण सुटत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात दाखवा. जाताना दोन आठवड्यांची वही न्या: किती वाजता झोपला, किती मॅच, कशावरून भांडण झालं, शाळेत गेला की नाही. ‘सारखा खेळतो’ यापेक्षा डॉक्टरांना त्या वहीतून जास्त कळेल. तिथवर जायची मनाची तयारी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही एकटीनेही करू शकता. मुलाला शेजारी बसवायलाच हवं असं नाही.